तीन यंत्रें आणि एक रिमोट

विषय क्षुल्लक आहे, हें प्रारंभींच मान्य करतों. दिवाणखान्यांतील मेजावर पडलेल्या प्लॅस्टिकच्या तीन कांड्यांविषयीं मासिकाचीं दोन-तीन पानें खर्च करावीं काय, अशी शंका एखाद्या गंभीर वाचकास येईल. परंतु ज्या घरांत टीव्ही पाहणारीं माणसें आठ वर्षांपासून अठ्ठ्याऐंशी वर्षांपर्यंतचीं आहेत, त्या घरांत या कांड्यांवरून रोज संध्याकाळीं काय घडतें हें ज्यास ठाऊक आहे, तो ही शंका घेणार नाहीं.

गेल्या दिवाळींत आमच्या थोरल्या चिरंजीवानें साउंडबार आणला. हेतु उत्तम होता. हल्लींचे टीव्ही पाटीसारखे पातळ. त्यांचे स्पीकर बहुधा खालीं किंवा मागें तोंड करून बसविलेले. त्यामुळें शब्द आधीं भिंतीवर आपटतो आणि मग श्रोत्याकडे येतो. आमच्या मातोश्रींस अठ्ठ्याऐंशीवें वर्ष चालू आहे व त्यांस थोडें कमी ऐकूं येतें. कीर्तनकार काय सांगतो तें त्यांस स्पष्ट कळावें, एवढ्यासाठीं हा लांबट ध्वनियंत्राचा दांडा टीव्हीपुढें येऊन बसला. दुकानांतून आलेल्या मनुष्यानें खोक्यांत होती ती तार जोडली, टीव्हीचा स्वतःचा आवाज बंद केला, दोन गाणीं वाजवून दाखविलीं आणि तो निघून गेला. टीव्हीचा एक व डिशच्या डब्याचा एक असे दोन रिमोट घरांत होतेच. त्यांत हा तिसरा पडला. संस्कृतांत द्विवचन आहे, मराठीनें तें टाकून दिलें. आमच्या घरींहि दोहोंपर्यंत व्यवहार सुरळीत होता, बहुवचन झालें आणि गोंधळास प्रारंभ झाला.

मी जातीचा शाळामास्तर. मीं तिन्ही रिमोटांवर पांढऱ्या पट्टीचे १, २, ३ असे अंक चिकटविले आणि मातोश्रींकडून क्रम पाठ करून घेतला: आधीं पहिल्यानें टीव्ही लावावयाचा, मग दुसऱ्यानें डबा, मग तिसऱ्यानें बार. त्यांस तो क्रम एका दिवसांत पाठ झाला. छत्तीस वर्षें फळ्यापुढें उभा राहिलेल्या मनुष्यास आपल्या शिकविण्यावर जो भरंवसा असतो, तो मलाहि होता. पुढें आठ-दहा दिवस मीं त्याकडे लक्ष दिलें नाहीं.

एके दिवशीं सायंकाळीं फिरून परत आलों तों दिवाणखान्यांत टीव्ही चालू होता. पडद्यावर कीर्तनकार हात उभारून बोलत होते, मागें टाळकरी डोलत होते, आणि मातोश्री समोर खुर्चीवर हात जोडून स्वस्थ बसल्या होत्या. घरांत आवाज कसलाच नव्हता.

"आई, आवाज कां बंद केलास?" मीं विचारलें.

"मीं नाहीं रे केला. चार दिवस झाले, येतच नाहीं."

"मग कोणाला हाक कां नाहीं मारलीस?"

"तुम्ही सगळे आपापल्या कामांत. दिसतंय ना, तेवढं पुरे."

हें उत्तर ऐकून मला जें वाटलें तें येथें लिहीत नाहीं. मीं तिसरा रिमोट उचलला, कळ दाबली आणि आवाज सुरू झाला. म्हणजे यंत्र बिघडलें नव्हतें. मग चार दिवस काय होत होतें, याचा शोध घेतांना माझी चूक मला सांपडली.

चूक अशी कीं, बारच्या रिमोटावरील चालू करण्याची आणि बंद करण्याची कळ एकच असते. यंत्र निजलेलें असेल तर ती त्यास उठविते. जागें असेल तर निजविते. नातवंडांनीं दुपारीं कार्टून पाहून टीव्ही बंद केला, परंतु बार तसाच चालू राहिला, म्हणजे सायंकाळीं मातोश्री पाठ केलेल्या क्रमानें तिसऱ्या रिमोटाची कळ दाबीत, आणि जागा असलेला बार निमूटपणें निजे. तो जागा आहे कीं निजला आहे हें दाखविणारा दिवा मोहरीएवढा. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्यांस तो पलीकडच्या भिंतीवरून दिसावा कसा? विद्यार्थ्यानें धडा बिनचूक म्हटला होता. धडाच चुकीचा होता.

येथें रिमोटाचें अंतरंग थोडें पाहिलें पाहिजे. रिमोटाच्या टोंकास जो लहान दिवा असतो तो आपल्या डोळ्यांस न दिसणारा, तांबड्याच्या अलीकडचा अवरक्त प्रकाश टाकतो. बहुतेक रिमोटांत हा प्रकाश सेकंदास सुमारें अडतीस हजार वेळां लुकलुकतो, आणि त्या लुकलुकण्याच्या लहान-मोठ्या खंडांतून आज्ञा लिहिली जाते. आज्ञेच्या आरंभीं यंत्राचा पत्ता असतो. वर्गांत नुसतें "फळा पूस" म्हटलें तर कोणी उठत नाहीं. नांव घेतलें म्हणजे तोच मुलगा उठतो. तसा प्रकाश सर्व खोलींत पसरतो, परंतु ज्याचा पत्ता असेल तेंच यंत्र हलतें. म्हणून टीव्हीचा रिमोट बारकडे कितीहि रोखला तरी बार ढिम्म. शिवाय हें संभाषण एकतर्फी आहे. रिमोट आज्ञा देतो. ती पोंचली किंवा नाहीं, समोरचा जागा आहे कीं निजला आहे, हें त्यास कळण्याचा मार्ग नाहीं. कळ दाबूनहि प्रकाश निघतो कीं नाहीं हें पाहावयाचें असल्यास रिमोटाचें टोंक मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरावें. पडद्यावर फिकट जांभळा ठिपका लुकलुकतांना बहुधा दिसतो. मागील कॅमेऱ्यांत न दिसल्यास पुढील कॅमेऱ्यांत पाहावें. ठिपका नसेल तर सेल बदलावे.

प्रकाशाच्या पूर्वीं ध्वनि होता. अमेरिकेंत झेनिथ कंपनीनें १९५० सालीं तारेचा रिमोट काढला. १९५५ सालीं यूजीन पोली यांनीं विजेरीसारखा प्रकाशाचा रिमोट केला, परंतु त्याच्या टीव्हीवर ऊन पडलें कीं तो आपोआप वागूं लागे. आणि १९५६ सालीं रॉबर्ट ॲडलर यांनीं ॲल्युमिनियमच्या कांड्यांवर हातोडी पाडून मनुष्यास न ऐकूं येणारा नाद काढणारा रिमोट दिला, ज्यास सेल लागतच नसत. आपल्याकडे मुंबईस १९७२ च्या ऑक्टोबरांत दूरदर्शन सुरू झालें, तेव्हां घरांतील धाकटा मुलगा हाच रिमोट असे. त्यास सेल लागत नसत, पण उत्तरें फार येत.

असो. आमचा उलगडा सूनबाईंनीं केला. मी पट्ट्यांचे अंक बदलण्याच्या विचारांत असतां त्यांनीं पुस्तिका वाचली, बार भिंतीपासून ओढून मागें टॉर्च धरला आणि म्हणाल्या, "बाबा, इथं 'टीव्ही एआरसी' लिहिलंय, आणि हें भोंक तर रिकामंच आहे."

दुकानाच्या मनुष्यानें जोडलेली तार ऑप्टिकल, म्हणजे काचेसारख्या तंतूंतून प्रकाशरूपानें आवाज नेणारी होती. आवाज ती चांगला नेते, परंतु आवाजाखेरीज दुसरें कांहीं नेत नाहीं. आज्ञा तिच्यांतून जात नाहीं. एचडीएमआयच्या तारेची गोष्ट निराळी. तिच्या टोंकास एकोणीस पिना असतात आणि त्यांपैकीं तेरावी केवळ यंत्रांच्या परस्पर संभाषणासाठीं राखलेली आहे. या संभाषणास सीईसी म्हणतात. प्रत्येक यंत्रास हजेरीपटावर असावा तसा क्रमांक असतो: टीव्हीचा शून्य, ध्वनियंत्राचा पांच. शेजारच्या पिनांतून चित्राचा महापूर लोटत असतां या पिनेवरून बोलणें सेकंदास सुमारें चारशें बिट इतक्या संथपणें चालतें. कळ दाबल्यावर बार किंचित् उशीरा हालतो त्याचें हें एक कारण असावें. पण मुख्य गोष्ट ही कीं, येथें उत्तर मिळतें. "तूं जागा आहेस काय?" असें टीव्ही विचारूं शकतो, आणि "नीज" ही आज्ञा "ऊठ" या आज्ञेहून वेगळी असते. ज्या एका कळेनें मातोश्रींस चार दिवस फसविलें, ती भानगडच येथें उरत नाहीं.

याच तारेनें टीव्हीचा आवाज उलट दिशेनें बारकडे जावा, ही सोय १.४ या क्रमांकाच्या एचडीएमआयमध्यें, २००९ सालीं आली. तिचें नांव एआरसी. पुढें २०१७ सालच्या २.१ आवृत्तींत तिचें सुधारलेलें रूप ईएआरसी आलें. टीव्हीच्या पाठीमागें एचडीएमआयचीं तीन-चार भोंकें असलीं तरी एआरसी असें लिहिलेलें बहुधा एकच असतें, व तार त्यांतच गेली पाहिजे. दुसरें टोंक बारच्या "टीव्ही एआरसी" किंवा "एचडीएमआय आउट" या भोंकांत. मग टीव्हीच्या सेटिंगमध्यें जाऊन सीईसी चालू करावें. अडचण एवढीच कीं, त्यास सीईसी असें क्वचितच म्हटलेलें असतें. सॅमसंगच्या टीव्हींत तें एनीनेट प्लस, एलजीच्यांत सिम्पलिंक, सोनीच्यांत ब्राव्हिया सिंक, पॅनासोनिकच्यांत व्हिएरा लिंक, फिलिप्सच्यांत ईझीलिंक. एकाच देवाचीं सहस्र नांवें असतात हें आपणांस ठाऊक असल्यामुळें गोंधळूं नये. यानंतर आवाजाच्या सेटिंगमध्यें एचडीएमआय एआरसी निवडावें. तरीहि आवाज न आल्यास तेथेंच डिजिटल आवाजाचा प्रकार पीसीएम करून पाहावा. आम्हांस ती पायरी लागली नाहीं. ऑप्टिकल तार काढून एचडीएमआय लावली आणि सूनबाईंनीं टीव्हीच्या रिमोटाची आवाजाची कळ दाबली तों बार वाढला. टीव्ही बंद केला तों बारहि निजला.

तीन रिमोटांचे दोन झाले. परंतु डिशवर चॅनेल बदलावयाचें तें डब्याच्याच रिमोटानें. टीव्हीच्या रिमोटानें डबा चालविण्याचा आम्हीं प्रयत्न केला. सीईसीची भाषा कांहीं डबे बोलतात, आमचा बोलत नाहीं. येथें मात्र उलट बाजूनें उपाय सांपडला. बऱ्याच डिश-रिमोटांवर दुसऱ्या रिमोटाचे संकेत शिकणाऱ्या कांहीं कळा असतात. दोन्ही रिमोट मेजावर तोंडासमोर तोंड, दोन-तीन बोटांच्या अंतरानें ठेवावे; पुस्तिकेंत सांगितलेल्या कळा दाबून डिशच्या रिमोटास शिकण्याच्या स्थितींत आणावें; शिकवावयाची कळ दाबावी; आणि मग टीव्हीच्या रिमोटाची तीच कळ दाबावी. दिवा लुकलुकला म्हणजे धडा पाठ झाला. एवढ्या लवकर शिकणारा विद्यार्थी मला नोकरींत मिळाला नाहीं. टीव्ही चालू-बंद करण्याची कळ आणि आवाजाच्या दोन कळा अशा तीन आम्हीं शिकविल्या. आतां डिशच्या रिमोटाची आवाजाची कळ दाबली कीं प्रकाश टीव्हीकडे जातो, टीव्ही समजतो कीं आपल्याच रिमोटानें सांगितलें, आणि तो तीच आज्ञा तेराव्या पिनेवरून बारला देतो. शिकविण्यापूर्वीं डब्याचा स्वतःचा आवाज पूर्ण वाढवून ठेवावा, हें आम्हीं विसरलों होतों. तो कमी राहिला तर बार कितीहि वाढविला तरी शब्द बारीकच येतात. आणखी एक सांगावयाचें तें असें कीं, ज्या टीव्हीचा रिमोट ब्लूटूथनें बोलतो, त्याच्या कळांतून प्रकाश निघत नसल्यामुळें दुसरा रिमोट त्यापासून कांहीं शिकूं शकत नाहीं. तेथें कॅमेऱ्याची वरील परीक्षा आधीं करावी.

ज्यांच्या जुन्या टीव्हीस एआरसी नाहीं त्यांनीं निराश होऊं नये. ऑप्टिकल तारच ठेवून, कांहीं साउंडबार टीव्हीच्या रिमोटाचे संकेत स्वतः शिकतात. तसें नसल्यास बाजारांत मिळणाऱ्या शिकाऊ रिमोटास दोघांचे संकेत शिकवितां येतात. मात्र चालू-बंदची एकच कळ तेथें पुन्हां डोकें वर काढते, म्हणून हा दुय्यम उपाय.

नंतर दोन विघ्नें आलीं. पहिलें, बार नेमका टीव्हीच्या खालच्या कांठावरील अवरक्त डोळ्यापुढें बसला होता, त्यामुळें आज्ञा कधीं पोंचे, कधीं न पोंचे. त्यास चार बोटें खालच्या फळीवर उतरविल्यावर तें संपलें. दुसरें, एकदां वीज जाऊन आल्यावर टीव्ही व बार यांची ओळखच मोडली. तिन्ही यंत्रांचे प्लग भिंतींतून काढून पांच मिनिटांनीं आधीं टीव्हीचा व मग इतरांचे लावले, तेव्हां ते पुन्हां बोलूं लागले. केवळ रिमोटानें बंद करून हें होत नाहीं. प्लगच काढावा लागतो.

अंकांच्या पट्ट्या मीं खरवडून काढल्या. टीव्हीचा व बारचा रिमोट सेल काढून कपाटांत ठेवले आहेत. ते टाकून देऊं नयेत, कारण रात्रीं घुमारा कमी करणें यासारख्या गोष्टी बारच्याच रिमोटावर आहेत. डिशच्या रिमोटावर आवाज वाढविण्याच्या कळेस सूनबाईंनीं लाल नखरंगाचा ठिपका दिला आहे, तो मातोश्रींस दिसतो. आतां त्या आवाज स्वतः वाढवितात, आणि थोडा जास्तच वाढवितात. काल धाकट्या बंधूंनीं आपल्या खोलींतून "आई, आवाज जरा कमी कर" अशी दोन वेळां हाक मारली, ती त्यांस ऐकूं गेली नाहीं.