पाठीच्या कण्यातली दोरी जपू या

बांधकामावर परांचीवरून एखादा भाऊ खाली पडतो. चार जण धावतात. एक बगलेत हात घालतो, दुसरा पाय धरतो, आणि उचलून त्याला रिक्षात बसवतात. माया खरी असते. पण अशा उचलण्याने माणूस कायमचा अंथरुणाला खिळू शकतो. असे का होते, ते आपण समजून घेऊ.

आपल्या पाठीच्या कण्यात जन्मतः ३३ मणके असतात. मानेत ७, पाठीत १२, कमरेत ५. खालचे ९ पुढे एकमेकांत जुळून जातात. मणक्यांच्या पोकळीतून मेंदूची एक दोरी खाली उतरते. तिला मज्जारज्जू म्हणतात. लांबी सुमारे ४५ सेंटिमीटर, म्हणजे एक हातभर, जाडी करंगळीएवढी. भोवती तीन आवरणे आणि पाण्यासारखा द्रव. कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी ती संपते.

या दोरीतून मज्जातंतूंच्या ३१ जोड्या निघतात. स्पर्श, वेदना, गरम-थंड यांची खबर मागच्या मुळांतून आत येते. हातपाय हलवण्याचा हुकूम पुढच्या मुळांतून बाहेर जातो. तापल्या तव्याला बोट लागले की चटका कळण्याआधीच हात मागे येतो. तो निर्णय मेंदूचा नव्हे, मज्जारज्जूचा!

मोडलेले हाड सांधते, पण तुटलेला मज्जारज्जू पूर्ववत होत नाही. पाठीत इजा झाली तर पाय लुळे पडतात, लघवी-शौचावरचा ताबा जातो. मानेत झाली तर हातही जातात, श्वासही अडू शकतो. मात्र कधी मणका मोडूनही दोरी शाबूत असते. आपण ओढाताण केली, की मोडक्या हाडाखाली तीही चिरडते.

म्हणून पडलेल्याला बसवू नका, पाणी पाजू नका. डोके दोन्ही हातांनी स्थिर धरा. १०८ ला फोन करा. आग वा पाण्यासारखा धोका असेल आणि हलवावेच लागले, तर चार-पाच जणांनी मान, पाठ, कंबर एका रेषेत ठेवून फळीवर घ्या.

इजा झालीच तर भगताकडे धावू नका. ‘मागल्या जन्मीचे पाप’ म्हणणाऱ्यांचे ऐकू नका. बुद्धांनी आपल्याला कार्यकारणभाव शिकवला. इथे कारण आहे पडणे आणि मज्जारज्जूची इजा. उपचार दवाखान्यातच. घरी दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर पाठीला जखमा होतात. हे काम एकट्या पत्नीवर वा आईवर टाकू नका, भावांनीही हात लावावा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सवलती मिळतात. त्यासाठी सरकारी रुग्णालयातून प्रमाणपत्र काढून घ्या.

येत्या रविवारी विहारात वंदनेनंतर दहा मिनिटे थांबू या. एक फळी, पाच माणसे आणि निजलेला एक जण. उचलायचे कसे, ते करून पाहू या. बायाबापड्या, पोरे, सगळ्यांनी. वेळ आली तर हेच कामी येईल.