कंपोझिट तुटण्याआधी आत काय काय होऊन गेलेलं असतं?

कंपोझिटवर संशोधन करायचं ठरवलं असेल, तर 'किती लोडला तुटलं?' एवढंच विचारायची सवय आधी सोडा. धातूत बहुतेक वेळा एखादी भेग वाढत जाते आणि शेवटी तीच तुकडा पाडते. फायबर आणि रेझिनच्या थरांमध्ये मात्र नुकसान एकाच वेळी अनेक ठिकाणी होतं, आणि त्याला एक क्रम असतो.

सोपं उदाहरण घेऊ. ग्लास फायबर आणि इपॉक्सीची एक पट्टी आहे. बाहेरच्या थरांत फायबर ओढायच्या दिशेने, म्हणजे ० अंशात. मधल्या थरात आडवे, म्हणजे ९० अंशात. आता ती ओढा.

नुसतं काचेचं फायबर तुटायला ४ टक्क्यांच्या आसपास स्ट्रेन लागतो. पण आडव्या थरात पहिली भेग बऱ्याचदा अर्ध्या टक्क्याच्या आतच पडते. कारण काच इपॉक्सीपेक्षा साधारण २० पट ताठ असते. त्यामुळे सगळी ओढाताण दोन फायबरच्या मधल्या चिंचोळ्या रेझिनला सोसावी लागते. आधी फायबर आणि रेझिनची पकड सुटते. मग सुटलेल्या जागा एकमेकींना जोडल्या जाऊन थराच्या आरपार भेग तयार होते.

ही भेग ० अंशाच्या थरापाशी येऊन थांबते. तिथला भार शेजारचे थर उचलतात आणि थोडं पुढे गेल्यावर आडव्या थराला परत देतात. म्हणून पुढची भेग अगदी जवळ पडू शकत नाही, जरा अंतर सोडून पडते. लोड वाढवला की भेगांची संख्या वाढते आणि अंतर जवळपास थराच्या जाडीइतकं झालं की वाढ मंदावते. मग भेगांच्या टोकांपाशी आणि पट्टीच्या कडांना थर एकमेकांपासून सुटायला लागतात. यालाच डिलॅमिनेशन म्हणतात. ० अंशाचे फायबर मोठ्या प्रमाणावर तुटतात ते अगदी शेवटी.

मग आधीच्या भेगांनी बिघडतं काय? नासाच्या एक्स-३३ यानाची द्रव हायड्रोजनची टाकी बघा. ती कार्बन फायबर कंपोझिटची होती. नोव्हेंबर १९९९ मध्ये चाचणी झाली तेव्हा आतल्या आवरणातल्या बारीक भेगांमधून हायड्रोजन मधल्या पोकळ जाळीत शिरला. टाकी रिकामी करून गरम होत गेली तसा तिथला दाब वाढला आणि बाहेरचं आवरण सुटून आलं. म्हणजे 'तुटलं' कशाला म्हणायचं, हे ती वस्तू कशासाठी वापरायची आहे त्यावर ठरतं. दांड्याला चालणारी भेग टाकीला चालेलच असं नाही.

म्हणून प्रयोग आखताना सगळे सॅम्पल तुटेपर्यंत ओढू नका. काही सॅम्पल वेगवेगळ्या लोडला थांबवा आणि पॉलिश केलेली कड मायक्रोस्कोपखाली बघा. ग्लास फायबर असेल तर मागून प्रकाश टाकला तरी आडव्या भेगा रेघांसारख्या दिसतात. फक्त एक लक्षात ठेवा: लोड पूर्ण काढला की भेगा बऱ्याच अंशी मिटतात आणि दिसायला अवघड होऊ शकतात. त्यामुळे बघताना थोडा ताण राहू द्या.

एक टेबल करा: लोड, भेगांची संख्या, ताठपणा. तुटण्याचा आकडा त्यातली फक्त शेवटची ओळ असेल.