९१ मीटरची वाट

दुपारचे दोन वाजत आले आहेत. विशाखापट्टणमच्या रामकृष्ण बीचवरचं ऊन अजून जराही कललेलं नाही. रस्त्याच्या एका अंगाला हॉटेलं आणि इमारती, दुसऱ्या अंगाला बंगालचा उपसागर. या दोहोंच्या मधे, वाळूच्या कडेला, काँक्रीटच्या बैठकीवर एक काळी, ९१ मीटर लांब पाणबुडी चढवून ठेवली आहे. ‘कुरसुरा’. एरवी पाणबुडी म्हटलं की पाण्यावर दिसणारी पाठ आणि मनोरा एवढंच चित्र डोळ्यासमोर येतं. इथे तिचं पाण्याखालचं सगळं अंग उघड्यावर आहे. मान वर केल्याशिवाय ते नजरेत मावत नाही.

तिकीट खिडकीसमोर रांग लागली आहे. पुढे एका शाळेची सहल. मुलं जोडीजोडीने उभी, शिक्षिका पुन्हा पुन्हा डोकी मोजताहेत. मागे अराकूहून आलेलं एक मराठी कुटुंब. आजी नऊवारीत, पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतलेला. नातवाला तहान लागली आहे, पण रांग सोडायची नाही. पलीकडे कुरमुऱ्यांचा गाडा. कुरमुरे, कांदा, टोमॅटो, मिरची, वरून लिंबू. चमचा भांड्यावर आपटल्याचा आवाज लाटांच्या आवाजात मिसळतो. वारा खारा आहे. हाताला, ओठांना, चष्म्याच्या काचेला चिकटतो. दक्षिणेला समुद्रात घुसलेला डॉल्फिन्स नोजचा डोंगर उन्हात धुरकट दिसतो. त्याच्या आडोशाला बंदर आहे, आणि बंदरातून निघालेलं एक मालवाहू जहाज क्षितिजावर स्थिर उभं असल्यासारखं भासतं.

दार उघडतं. थोडी थोडी माणसं आत सोडतात. लोखंडी जिना तापलेला आहे, कठड्याला हात लावला की चटका बसतो. बाजूच्या पोलादात कापून केलेल्या दारातून आत पाऊल टाकलं की डोळ्यांसमोर क्षणभर अंधारी येते. बाहेरच्या उन्हाचा मागमूस उरत नाही. पिवळसर दिवे. जुन्या तेलाचा आणि रंगाचा वास. डोक्यावर नळ्या, कानांच्या दोन्ही बाजूंना नळ्या, चाकं, झडपा, तारांचे जुडगे. खांदे आपोआप आत ओढले जातात.

हा पुढचा टॉर्पेडोचा कप्पा. समोरच्या भिंतीत सहा गोल झाकणं, वरखाली मांडलेली. मागच्या टोकाला आणखी चार आहेत. अशा दहा नळ्या आणि एकूण २२ टॉर्पेडो घेऊन ही बोट निघायची. सांगणारे गृहस्थ निवृत्त नौसैनिक आहेत. केस पांढरे, पाठ ताठ, आवाज मोठा न करताही शेवटच्या माणसापर्यंत पोचणारा. तेलुगूत सुरुवात करतात, चेहरे पाहून हिंदीत येतात, मधेच इंग्रजीत. एका नळीच्या झाकणावर तळवा ठेवून ते विचारतात, “बोट खाली अडकली आणि बाहेर पडायचंच असेल, तर कुठून पडाल?” मुलं छताकडे बोट दाखवतात. ते मान हलवतात आणि झाकणाकडे खूण करतात. याच नळीतून. श्वासाचं उपकरण लावून, खास पोशाख घालून, एकामागोमाग एक सरपटत. नळीचा व्यास ५३ सेंटिमीटर.

मी हाताने अंतर घेऊन पाहतो. माझे खांदे जेमतेम मावतील. शाळेतल्या मुलांचा गलका थांबला आहे.

पुढच्या कप्प्यात जायला दरवाजा नाही, गोल भोक आहे. आधी एक पाय, मग डोकं, मग उरलेलं शरीर. काठ वर्षानुवर्षांच्या हातांनी गुळगुळीत झालेला. “आजी, डोकं सांभाळा,” मुलगा मागून सांगतो. “तू सरक आधी,” म्हणत आजी काठ पकडतात, पदर खोचतात आणि सहज पलीकडे जातात. सात कप्पे आहेत. मधली प्रत्येक भिंत दाब सोसणारी, प्रत्येक भोकाला जाडजूड झाकण. एका कप्प्यात पाणी शिरलं तर झाकण बंद करायचं, म्हणजे बाकीचे वाचतात. आत राहिलेल्यांचं काय, हे कोणी विचारत नाही. सगळ्यांना ते कळतं.

अधिकाऱ्यांच्या खोल्या. खोली म्हणायची ती रीत म्हणून. एक बंक, भिंतीला दुमडणारं टेबल, एक छोटं कपाट. पायाखाली बॅटऱ्या आहेत, शेकडो, एकेक माणसाच्या कमरेएवढी उंच. पाण्याखाली डिझेल इंजिन चालवता येत नाही, त्याला हवा लागते. म्हणून खोलवर सगळी भिस्त या बॅटऱ्यांवर. त्या उतरू लागल्या की बोटीला वर यावं लागतं, निदान हवेची नळी पाण्याबाहेर काढता येईल इतकं तरी. तेव्हा इंजिनं सुरू करायची, बॅटऱ्या भरून घ्यायच्या आणि पुन्हा खाली जायचं. शत्रूला सुगावा लागण्याची भीती याच वेळी सर्वांत जास्त. लपून राहणं हेच जिचं बळ, तिला श्वासासाठी असं उघड व्हावं लागे.

नियंत्रण कक्षात गर्दी तुंबते. मधोमध पेरिस्कोपचा जाड खांब. भोवती खोली दाखवणाऱ्या तबकड्या, लाल-निळी चाकं. ही बोट सोव्हिएत संघात बांधलेली. १८ डिसेंबर १९६९ रोजी रिगाच्या बंदरात तिच्यावर भारताचा नौदल-ध्वज चढला. तिच्या बहिणींची नावं कलवरी, खांदेरी आणि करंज. खांदेरी ऐकताच मागचं मराठी कुटुंब एकमेकांकडे पाहतं. थळच्या समुद्रात, इंग्रजांशी झुंजत शिवकाळात उभा राहिलेला तो जलदुर्ग. आज माझगावच्या गोदीत बांधलेल्या नव्या पाणबुड्याही ती तिन्ही नावं वागवताहेत. “आपली खांदेरी,” नातू म्हणतो. आजी नुसती त्याच्या पाठीवर थाप देतात.

खोलीची तबकडी जवळून पाहतो. पितळी कडं, पांढरी पाटी, बारीक काटा. पाण्यात दर दहा मीटरला एका वातावरणाचा दाब वाढतो. शंभर मीटरवर बाहेरच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे शंभर टन पाण्याचा भार. त्या वेळी इथे उभ्या असलेल्यांना बाहेरचं काही दिसत नसे. एवढा एक काटा, आणि कानांवर येणारे आवाज.

पुढे भटारखाना. एक माणूस वळला की तो भरतो. याच जागेतून ७५ जणांचं जेवण निघायचं, आठ अधिकारी आणि ६७ नौसैनिक. गोडं पाणी मोजून मिळे. पिण्याला आणि स्वयंपाकाला आधी, अंघोळीचा नंबर शेवटचा. इथे माणसं खोळंबतात. टॉर्पेडोपाशी कोणी काही विचारलं नव्हतं, इथे बायका विचारू लागतात. पोळ्या कशा करायचे? भाजी किती दिवस टिकायची? निवृत्त नौसैनिक मनापासून उत्तरं देतात. ताजी भाजी पहिले काही दिवस, मग डबाबंद. हे बोलताना त्यांचा चेहरा खुलतो.

इंजिनाच्या कप्प्यात उकाडा आहे. तीन डिझेल इंजिनं, मधून अरुंद पट्टी. आज ती थंड आहेत, तरी आमच्या श्वासांनीच हवा जड झाली आहे. शर्ट पाठीला चिकटला आहे. चालू असताना इथे बोलणं ऐकू यायचं नाही, खुणांनी काम चालायचं. त्यापुढे विजेच्या मोटारी, आणि शेवटी मागचा टॉर्पेडो-कप्पा. इथे बंक एकावर एक, रेल्वेच्या साइड अप्पर बर्थहून अरुंद. एक पाळीवरून आला की दुसरा उठायचा. अंथरूण गार व्हायला वेळच मिळत नसे.

१९७१ च्या युद्धात ही बोट अरबी समुद्रात गस्तीवर होती. त्याच डिसेंबरात, ३ आणि ४ तारखेच्या मधल्या रात्री, पाकिस्तानची ‘गाझी’ पाणबुडी विशाखापट्टणमच्या या किनाऱ्यासमोर बुडाली. नव्वदहून अधिक माणसं तिच्यात होती, एकही वाचला नाही. सांगताना निवृत्त नौसैनिकांचा स्वर बदलत नाही, पण ते शत्रू हा शब्दही वापरत नाहीत. पाणबुडीवाल्यांना पाणबुडीतलं मरण ठाऊक असतं.

बाहेर पडलो की ऊन पुन्हा अंगावर येतं. शेपटीकडे तीन पंखे आहेत. यांच्या जोरावर ती ३१ वर्षांत ७३,५०० सागरी मैल फिरली, पृथ्वीला तीन फेऱ्या घालूनही अंतर उरावं इतकी. २७ फेब्रुवारी २००१ ला निवृत्त झाली. मग तिला किनाऱ्यावर ओढून आणायला आणि बसवायला साडेपाच कोटींच्या आसपास खर्च आला. ऑगस्ट २००२ पासून ती लोकांसाठी खुली आहे. २०१४ च्या हुदहुद वादळाने या शहरातली झाडं आडवी केली. कुरसुरा जागेवर राहिली. तरी खारा वारा रोज तिला खातो. अंगावर तांबेऱ्याचे डाग उठतात, माणसं खरवडतात, रंग देतात, काही दिवसांनी पुन्हा तेच.

मुंबईकरांना हे वेगळं सांगायला नको. जुनी विमानवाहू नौका विक्रांत काही वर्षं आपल्याकडे संग्रहालय म्हणून उभी होती. २०१४ मध्ये तिचे तुकडे पडू लागले. जहाज जपणं हे खर्चाचं, चिकाटीचं आणि न संपणारं काम आहे. तरी ते करायला हवं, असं मला आज पुन्हा वाटतं. गोल भोकातून वाकून गेलेलं मूल खांद्यांनी जे शिकतं, ते पुस्तकाच्या पानावरून शिकता येत नाही. आणि बोटीवर जगलेली माणसं सांगायला आहेत तोवरच ते पुरतं शिकता येईल. जिन्याखाली निवृत्त नौसैनिक पाण्याचा घोट घेतात, घड्याळ पाहतात, आणि पुढच्या गटाला हाताने वर बोलावतात.