क्लाउडचा जमाखर्च – लेखांक ६ : दर आठवू नये, दरसूची उघडावी

ॲमेझॉनची ‘ईकेएस’ ही कुबरनेटीस सेवा जून २०१८ मध्ये सर्वांसाठी खुली झाली, तेव्हा एका क्लस्टरच्या नियंत्रणासाठी ताशी २० सेंट पडत. जानेवारी २०२० मध्ये हा दर निम्म्यावर, म्हणजे १० सेंटांवर आला. एप्रिल २०२४ पासून आणखी एक अट आली : कुबरनेटीसची नेहमीची मुदत संपलेली आवृत्ती तशीच चालू ठेवली, तर ताशी ६० सेंट. महिन्याचे ७३० तास धरले की एकाच क्लस्टरचे बिल १४६ डॉलर, ७३ डॉलर किंवा ४३८ डॉलर असे तीन प्रकारे निघते. पहिला आकडा जुना झाला आहे आणि उरलेले दोन आवृत्तीवर अवलंबून आहेत. पण एआय असिस्टंटला नुसते ‘ईकेएसला महिन्याला किती खर्च येईल?’ असे विचारले, तर तो बहुधा यांतला एकच आकडा सांगतो, आणि तोही पूर्ण आत्मविश्वासाने.

यात लबाडी नाही. भाषेचे मॉडेल ज्या मजकुरावर शिकले, त्यात २०१९ चे लेखही असतात आणि २०२३ चेही. शिकवणी संपली त्या तारखेनंतरचे दर त्याच्या आठवणीत असूच शकत नाहीत. शिवाय क्लाउडविषयीची बहुतेक इंग्रजी उदाहरणे ॲमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनिया विभागातले दर धरून लिहिलेली असतात. त्यामुळे विभाग सांगितला नाही, तर असिस्टंटचे उत्तरही त्याच विभागाकडे झुकते. फुकट सवलतींची गतही तीच. ॲमेझॉनच्या नव्या खात्यांना मिळणारी सवलत १५ जुलै २०२५ पासून बदलली. पूर्वीच्या बारा महिन्यांच्या मोफत वापराऐवजी आता २०० डॉलरपर्यंतचे क्रेडिट मिळते. जुन्या माहितीवर शिकलेला असिस्टंट मात्र नव्या खातेदारालाही ‘पहिले वर्ष छोटा सर्व्हर फुकट’ असे सांगून मोकळा होतो.

बांधकाम खात्यातला अभियंता पुलाचे अंदाजपत्रक करताना सिमेंटचा भाव आठवून लिहीत नाही. तो आधी कामाच्या बाबी आणि त्यांची परिमाणे ठरवतो, मग त्या वर्षाची दरसूची उघडून प्रत्येक बाबीसमोर दर मांडतो, आणि शेवटी गुणाकार व बेरीज करतो. क्लाउडच्या अंदाजाचीही हीच तीन कामे आहेत आणि ती वेगवेगळीच ठेवायला हवीत. असिस्टंट पहिल्या कामात फार उपयोगी पडतो. दुसरे काम त्याने आठवणीवर करू नये, आणि तिसरे त्याने मनातल्या मनात करू नये.

एक कल्पित उदाहरण घेऊ. पुण्यातली एक छोटी कंपनी मराठी ऑडिओ पुस्तकांचे ॲप चालवते. रेकॉर्डिंग मिळून २,००० जीबी. श्रोते २०,०००, प्रत्येकजण महिन्याला सरासरी ५०० एमबी ऐकतो, म्हणजे १०,००० जीबी बाहेर जाणार. दोन ‘एम५.लार्ज’ सर्व्हर चोवीस तास चालू, आणि सर्व्हर खासगी नेटवर्कमध्ये असल्याने त्यांना बाहेर पडायला एक नॅट गेटवे. सगळे ॲमेझॉनच्या मुंबई विभागात.

मुंबईच्या दरपत्रकात ‘एस३’ची साठवण दर जीबीला महिना २.५ सेंट आहे, तेव्हा साठवणीचे ५० डॉलर. लिनक्सवरचा एम५.लार्ज ताशी १०.१ सेंट, दोन सर्व्हरांचे १४७.४६ डॉलर. नॅट गेटवे नुसता उभा ठेवायला ताशी ५.६ सेंट, म्हणजे ४०.८८ डॉलर. इंटरनेटवर बाहेर जाणाऱ्या डेटाला पहिल्या टप्प्यात दर जीबीला १०.९३ सेंट. पहिले १०० जीबी माफ, म्हणून ९,९०० जीबीचे १,०८२.०७ डॉलर. एकूण १,३२०.४१ डॉलर, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की १,५५८.०८.

या बिलाचे पाच भाग केले, तर चार भाग बाहेर जाणाऱ्या डेटाचे आहेत. अंदाज काढायला बसलेला माणूस मात्र बहुतेक वेळा सर्व्हर कोणता घ्यावा यावर तासभर चर्चा करतो आणि डेटाचा आकडा दोन मिनिटांत ठोकून देतो. खरा वेळ श्रोता सरासरी किती ऐकतो, हे शोधण्यात घालवायला हवा.

आता हेच गणित उत्तर व्हर्जिनियाच्या दरांनी करून पाहावे. साठवण ४६ डॉलर, सर्व्हर १४०.१६, नॅट ३२.८५ आणि डेटा ८९१. बेरीज १,११०.०१ डॉलर. महिन्याला २१० डॉलरांची चूक, आणि ती डोळ्यांना दिसत नाही, कारण प्रत्येक ओळ वाजवी वाटते आणि प्रत्येक दर कुठल्यातरी दरपत्रकात खरोखरच छापलेला असतो. आकडा भलताच असता, तर कोणाच्याही लक्षात आला असता. म्हणूनच असिस्टंटने दिलेल्या प्रत्येक दरासमोर विभाग, एकक, दर कोणत्या तारखेला वाचला आणि कुठून वाचला, एवढे लिहून घ्यावे. ज्या ओळीत हे भरता येत नाही, तो दर आठवणीतला आहे असे समजून बाजूला काढावा.

असिस्टंटची खरी ताकद बाबींची यादी करण्यात दिसते. वरची मांडणी त्याला सांगून ‘यात मी कोणता खर्च विसरलो?’ एवढे विचारले, तर चांगला असिस्टंट बॅकअप, लॉग साठवणे, चाचणीसाठीची वेगळी यंत्रणा अशा बाबी पुढे ठेवतो. १ फेब्रुवारी २०२४ पासून ॲमेझॉन प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्याला ताशी अर्धा सेंट घेते, याचीही आठवण करून देतो. सर्वांत मोलाचा प्रश्न नॅटविषयीचा. नॅट गेटवेचे भाडे ताशी तर असतेच, शिवाय त्यातून जाणाऱ्या प्रत्येक जीबीलाही मुंबईत ५.६ सेंट पडतात. कंपनीने सगळी रेकॉर्डिंग एकदा नव्या फॉरमॅटमध्ये बदलायला घेतली आणि सर्व्हरने ती एस३मधून नॅटच्या वाटेने ओढली, तर २,००० जीबीचे ११२ डॉलर उगाचच गेले. एस३साठी ‘गेटवे एंडपॉइंट’ ही वेगळी वाट आहे आणि तिला भाडे नाही. अशी गोष्ट नुसते दर पाहून सुचत नाही, ती रचना समजणाऱ्यालाच विचारावी लागते. या कामात असिस्टंट नवख्या संघाला खराखुरा आधार देतो.

दरसूची उघडण्याची सोय कंपन्यांनीच केली आहे. ॲमेझॉनची प्राइस लिस्ट एपीआय आहे आणि तिची प्रश्नोत्तरे घेणाऱ्या मोजक्या केंद्रांत मुंबई आहे. मायक्रोसॉफ्ट ॲझ्युअरचे किरकोळ दर तर लॉगिनशिवाय कोणालाही वाचता येतात. अँथ्रोपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ जाहीर केला. तेव्हापासून असिस्टंटला अशा बाहेरच्या साधनांशी जोडणे सोपे झाले, आणि ॲमेझॉनच्या विकासकांनी दर वाचून देणारा तसा सर्व्हरही उपलब्ध करून दिला. पायाभूत रचना टेराफॉर्मच्या फाइलमध्ये लिहिलेली असेल, तर इन्फ्राकॉस्ट हे मुक्तस्रोत साधन ती फाइल वाचून थेट खर्च मांडते.

पण दरसूची उघडली म्हणजे योग्य ओळ सापडलीच असे नाही. एम५.लार्ज असे शोधले की ॲमेझॉनच्या यादीत डझनांनी ओळी येतात. त्यात लिनक्सची वेगळी, विंडोजची वेगळी, सामायिक यंत्राची वेगळी, स्वतंत्र यंत्राची वेगळी. मुंबईत लिनक्सचे १०.१ सेंट विंडोजला १९.३ होतात. आधीच राखून ठेवलेल्या क्षमतेच्या काही ओळींत तर दर चक्क शून्य असतो, कारण तिचे शुल्क दुसऱ्या ओळीत लागते. सगळ्यांत स्वस्त ओळ उचलणारा असिस्टंट अशा वेळी सर्व्हर फुकट ठरवतो. विभाग, ऑपरेटिंग सिस्टीम, यंत्र सामायिक की स्वतंत्र, आणि क्षमतेची स्थिती : हे चार निकष प्रश्नातच घातले पाहिजेत.

गुणाकारासाठी त्याला छोटा प्रोग्राम लिहायला आणि चालवायला सांगावे. मोठ्या आकड्यांचे गुणाकार शब्दांच्या ओघात करताना मॉडेल घसरते, प्रोग्राम घसरत नाही. टप्प्यांचे दरही त्यातच लिहिता येतात, कारण मुंबईत पहिल्या १० टीबीनंतर बाहेर जाणाऱ्या डेटाचा दर ८.५ सेंटांवर उतरतो. श्रोते दुप्पट झाले तर काय, हे मग एक आकडा बदलून कळते.

परिमाणांचा प्रश्न मात्र कोणताच असिस्टंट सोडवू शकत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये नेटलिफाय या होस्टिंग सेवेवरील एका साध्या, स्थिर संकेतस्थळाच्या मालकाला १,०४,५०० डॉलरचे बिल आले. साडेतीन एमबीच्याही आतली एक एमपी३ फाइल कोणीतरी पुन्हा पुन्हा उतरवत राहिले आणि चार दिवसांत सुमारे १९० टीबी डेटा बाहेर गेला. बोभाटा झाल्यावर कंपनीने बिल माफ केले. त्याच वर्षी एका विकासकाच्या एस३ बकेटवर एका दिवसात जवळपास १० कोटी विनंत्या आदळल्या आणि बिल १,३०० डॉलरच्या वर गेले. बकेट खासगी होते, सगळ्या विनंत्या नाकारल्या गेल्या होत्या, तरी त्यांचे पैसे लागले. एका लोकप्रिय मुक्तस्रोत साधनाच्या मूळ सेटिंगमध्ये योगायोगाने त्या बकेटचेच नाव होते! मे २०२४ मध्ये ॲमेझॉनने अशा नाकारलेल्या विनंत्यांचे पैसे घेणे बंद केले. या दोन्ही प्रसंगांत दर ठाऊक असून काही उपयोग नव्हता. म्हणून एकच आकडा मागण्याऐवजी नेहमीचा महिना, गर्दीचा महिना आणि कोणी खोडसाळपणे डेटा ओढला तरचा महिना, असे तीन अंदाज मागावेत. तिसऱ्यासाठी मर्यादा कुठे घालता येते, हेही विचारून घ्यावे. ॲमेझॉनच्या बजेट सेवेचा साधा इशारा ईमेल पाठवतो, सर्व्हर बंद करत नाही, आणि बिलाची माहितीही काही तास मागे असते.

पहिला महिना संपला की खरे बिल आणि अंदाज ओळीला ओळ लावून पाहावा. बिल वाचायची परवानगी असिस्टंटला देताना ती केवळ वाचण्याची असावी. त्यातही एक बारकावा आहे : प्राइस लिस्ट एपीआय फुकट आहे, पण प्रत्यक्ष खर्च दाखवणाऱ्या कॉस्ट एक्सप्लोररच्या एपीआयला प्रत्येक विनंतीमागे एक सेंट पडतो. स्वतःहून शेकडो प्रश्न विचारत सुटणारा असिस्टंट खर्च शोधता शोधता बिलात स्वतःची ओळ वाढवतो. दोन-तीन महिन्यांचे खरे आकडे हाती आले की एक किंवा तीन वर्षांच्या कराराचा विचार करता येतो. सेव्हिंग्ज प्लॅनमध्ये ॲमेझॉन ७२ टक्क्यांपर्यंत सूट देऊ करते. कोणत्या अटींवर ती खरोखर पदरात पडते आणि कधी अंगलट येते, ते पुढील लेखांकात.