इमॅजिका, साई तीर्थ आणि माझ्या दुकानाबाहेरचं इंजिन: पार्कवाल्याने पुढचा पैसा कुठे घालावा?



गेल्या महिन्यात आपल्या बॅचला एक दादा आले होते. सिन्नरकडून शिर्डीला जाणाऱ्या रस्त्याला लागून त्यांची दीड एकर जमीन आहे. तिथे मुलांसाठी छोटं पार्क सुरू होऊन वर्ष झालं. पहिल्या सुट्टीत गर्दी, नंतर शुकशुकाट. आता बँक 18 लाख द्यायला तयार आहे आणि दादांचा प्रश्न एकच होता: "मॅडम, अजून एक मोठी घसरगुंडी टाकू का?"

मी म्हटलं, थांबा. आधी मोठ्यांचं काय झालं ते बघू.

इमॅजिका तुम्हाला माहीतच असेल. खोपोलीजवळ, मुंबई-पुणे एक्सप्रेसवेला लागून. 'अर्धसत्य'चे निर्माते मनमोहन शेट्टी यांनी ते उभं केलं, एप्रिल 2013 मध्ये ते सुरू झालं. दीड हजार कोटींच्या वर खर्च. 2015 मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. पार्क दिसायला एक नंबर, राईड्स जागतिक दर्जाच्या, पण येणारी माणसं अंदाजापेक्षा कमी आणि डोक्यावर कर्जाचा डोंगर. शेवटी 2022 मध्ये मालकी बदलली, बँकांनाही मोठी रक्कम सोडून द्यावी लागली. घेतलं कोणी? आपल्या शेजारच्या संगमनेरच्या मालपाणी ग्रुपने. नाशिकहून पुण्याला जाताना लागतं ते संगमनेर.

यात राईड वाईट होत्या असं कोणीच म्हणणार नाही. पार्कच्या धंद्याचं गणितच अवघड आहे. दिवसाला 500 माणसं आली काय नि 5,000 आली काय, वीज, पगार, देखभाल आणि व्याज जवळपास तेवढंच राहतं. म्हणजे नफा कुठून येतो? एकदा येऊन गेलेलं कुटुंब पुन्हा येतं तिथून. मोठी मशीन माणसाला पहिल्यांदा आणते. दुसऱ्यांदा आणायला तिचा फारसा उपयोग नसतो, कारण तिच्यात काय आहे ते आता त्याला ठाऊक असतं.

हे मी स्वतःच्या खिशातून शिकलेय. एकलहऱ्यात माझं स्टेशनरी आणि बर्थडे सामानाचं दुकान आहे. चार वर्षांपूर्वी मी दुकानाबाहेर नाणं टाकून हलणारं एक छोटं इंजिन ठेवलं. दोन महिने पोरांच्या उड्या पडल्या, मग कोणी ढुंकून बघेना. पैसे तर अडकले होते. एक दिवस एक मुलगा इंजिनावर बसून आईला विचारत होता, "यात कोळसा कुठे टाकायचा?" आता आमच्या गावात औष्णिक वीज केंद्र आहे, 210 मेगावॉटचे तीन संच. कोळशाच्या मालगाड्या इथली पोरं लहानपणापासून बघतात. मला मात्र ते सुचलं नव्हतं! मी एका डब्यात काळ्या रंगाचे स्पंजचे तुकडे ठेवले, एक शिट्टी टांगली आणि 'कोळसा पोहोचला' असा शिक्का बनवून घेतला. मूल कोळसा भरतं, शिट्टी वाजते, फेरी संपली की कार्डावर शिक्का. पाच शिक्के झाले की एक पेन्सिल. सगळा खर्च 400 रुपयांच्या आत. आईसुद्धा थांबते, आणि थांबली की वह्या बघते.

कल्पकता म्हणजे काय, तर एवढंच. तुमच्या गिऱ्हाइकाच्या डोक्यात आधीपासून असलेली गोष्ट मशीनला जोडायची. इमॅजिकात हे चांगलं केलेलं आहे. 'मिस्टर इंडिया' या 1987 च्या सिनेमावर राईड आहे. राजासॉरस नावाची बोटीची राईड आहे. राजासॉरस हा खरोखरचा डायनोसॉर बरं का, त्याचे अवशेष गुजरातमध्ये सापडले आणि 2003 मध्ये त्याला नाव मिळालं. परदेशी डायनोसॉर सहज लावता आला असता, पण आपल्या मातीतला निवडला. माझ्या मते मात्र अशी गोष्ट राईडच्या दारातच थांबते. रांगेत उभ्या असलेल्या मुलाला तो प्राणी कुठे सापडला, काय खायचा, हे सांगणारं माणूस ठेवा की!

आता रांगेचं बोलू, कारण पार्कमधला निम्मा दिवस तिथेच जातो. डेव्हिड मेस्टर यांचा 1985 चा वाट बघण्याच्या मानसशास्त्रावरचा लेख प्रसिद्ध आहे. रिकामं बसून काढलेला वेळ जास्त लांब वाटतो, आणि किती थांबायचंय हे माहीत नसलं की आणखी लांब वाटतो. म्हणून 'इथून साधारण 20 मिनिटे' ही पाटी लावा. पाटी खोटी नको, 20 सांगून 15 मिनिटांत नंबर आला तर माणूस खूश होतो.

आणि रांग खरोखर कमी करायची असेल तर हे गणित वहीत लिहून घ्या. राईडमध्ये 20 जागा. फेरी 2 मिनिटांची. माणसं उतरणं, चढणं, पट्टे तपासणं याला 3 मिनिटं. म्हणजे 5 मिनिटांना एक फेरी, तासाला 12 फेऱ्या, 240 माणसं. आता चप्पल, पिशव्या, मोबाईल ठेवायची जागा दारात न करता रांगेतच पाच पावलं आधी केली आणि पुढच्या 20 जणांना आधीच ओळीने उभं केलं, तर 3 ची 2 मिनिटं होतात. तासाला 15 फेऱ्या, 300 माणसं. तासाला 60 माणसं वाढली, मशीन एकही न घेता. पट्टे तपासण्याच्या वेळेला मात्र हात लावायचा नाही. तिथे एक सेकंदही वाचवू नका.

आता दादांच्या जमिनीकडे येऊ. शिर्डी रस्त्यावरून जाणारी गाडी आठवून बघा. त्यात दोन मुलं, आईवडील आणि मागच्या सीटवर आजी. पार्कात किती वेळ थांबायचं हे कोण ठरवतं? मुलं ठरवतात असं आपल्याला वाटतं. पण आजी कंटाळली की सगळे निघतात. शिर्डीत मालपाणींनी हे बरोबर ओळखलंय. वॉटर पार्कच्या जोडीला त्यांनी साई तीर्थ उभं केलं. तिथे बसल्या जागी तीर्थयात्रा घडवणारी राईड, लंकादहनाचा शो, द्वारकामाईचा शो, सगळं छताखाली. आजी भिजत नाही, घाबरत नाही आणि तिलाही बघायला काही असतं. भाविक शिर्डीला येतच होते, दर्शनानंतरचे काही तास मोकळे होते. ते तास कोणी भरत नव्हतं.

दादांना मी विचारलं, तुमच्याकडे आजीसाठी काय आहे? ते म्हणाले, "पत्र्याखाली खुर्च्या आहेत, पण उन्हाळ्यात पत्रा तापतो." ओल्या मुलीला कपडे बदलायला जागा? "एकच खोली, कडी सैल आहे." मंडळी, कडी सैल असलेली खोली एकदा बघितलेली आई परत येत नाही, आणि का येत नाही हे ती तुम्हाला सांगतही नाही.

न सांगितलेलं कळण्यासाठी एक उपाय आहे. डिस्नेच्या पार्कमध्ये झाडणाऱ्या माणसालाही पाहुण्यांच्या प्रश्नांना उत्तर द्यायला शिकवतात, कारण लोक रस्ता त्यालाच विचारतात. तुमच्याकडच्या मावशींना रोज संध्याकाळी पाच मिनिटं विचारा, आज कोणी काय विचारलं? एका वहीत तारीख टाकून लिहा. एकच प्रश्न तीनदा आला की समजा तिथे पाटी, नळ किंवा माणूस कमी आहे.

शेवटची गोष्ट निघण्याची. नोबेल मिळालेले मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन यांनी दाखवलंय की माणूस एखादा अनुभव त्याच्या सर्वांत तीव्र क्षणावरून आणि शेवटावरून लक्षात ठेवतो. आणि आपल्याकडे शेवट कसा असतो? ओले कपडे, रडकं मूल, पार्किंगवाल्याशी सुट्ट्यावरून वाद. पार्किंगचे पैसे येतानाच घ्या. जाताना दारात गरम चहा आणि मक्याचं कणीस ठेवा, तेही विकतच.

दादांनी घसरगुंडीचं कोटेशन सध्या बाजूला ठेवलंय. कपडे बदलायच्या चार खोल्या, आजीसाठी मोठा कौलारू ओटा आणि ओट्यावर ऊस गाळायचं लाकडी चरक, जे आजीनेच नातवाला दाखवायचं, असा हिशोब त्यांनी काढला. 18 लाखांतले साडेचार लागतायत. परवा दुपारी 3 वाजता त्यांचा फोन आला, शेतात उभं राहून बोलत होते: "मॅडम, ओटा विहिरीच्या बाजूला घेऊ की आंब्याच्या? आत्ता सावली आंब्याची पडलीय, पण तिथून घसरगुंडी दिसत नाही, आणि आजीला नातू दिसायला पाहिजे ना?"