जनान्यातला हशा

कोल्हापूरहून रत्नागिरीकडे जाताना आंबा घाटाच्या अलीकडे मलकापूर लागतं. शाहूवाडी तालुक्यातलं हे नगरपरिषदेचं गाव, पूर्वी विशाळगडच्या पंतप्रतिनिधींच्या जहागिरीचं ठाणं. या भागातल्या मुसलमान घरांत दोन भाषा सहज नांदतात. बाजारात, शाळेत, तहसील कचेरीत मराठी. उंबरठ्याच्या आत दखनी. 'कायकू', 'नक्को', 'हौ' म्हणणारी, मराठीत पार मुरलेली दखनी. पुस्तकी उर्दू बोलणाऱ्याला ती गावठी वाटते, पण थट्टेला तिच्यासारखी भाषा नाही. लग्नघरात कांदा चिरायला बसलेल्या बायकांचं बोलणं ऐकावं. नवरदेवाच्या फुप्पीचा तोरा, बिर्याणीत बोटी कमी आली म्हणून रुसलेला पाहुणा, सुनेच्या माहेरचा विषय निघाला की नेमकं कमी ऐकू येणारी सास, सगळ्यांच्या नकला होतात. घरातला पुरुष दारात आला की आवाज खाली येतात. तो गेला की त्याचीच नक्कल सुरू होते.

आता हा हशा मोबाइलवर आला आहे. सिनेमातलं एखादं दृश्य, मांजराचा एखादा फोटो आणि वर दोन ओळी, एवढ्यात मीम तयार होतं आणि बहिणी-बहिणींच्या, मैत्रिणींच्या ग्रुपमधून फिरतं. विषय घरचेच. रोजा आहे म्हटल्यावर वर्गमैत्रिणीचा ठरलेला प्रश्न, 'पाणीपण नाही?' हा प्रश्न कोल्हापुरात येतो तसाच लंडनमध्ये आणि न्यूयॉर्कमध्येही येतो, आणि त्यावर जगभरच्या मुस्लिम मुलींनी विनोद केले आहेत. ईदच्या दिवशी सगळं घर शीरखुर्मा पिऊन आडवं झालंय आणि एक मुलगी भांड्यांच्या ढिगापुढे उभी आहे. एसटी सुटायच्या वेळी हिजाबची टाचणी सापडत नाही. स्थळ घेऊन आलेली खाला विचारते, 'कित्ता पढी?' आणि उत्तर ऐकल्यावर म्हणते, 'इत्ता कायकू?'

मुसलमान बाईवरचा विनोद आपल्याला नवा नाही. मुसलमान बाईने केलेला विनोद मात्र चारचौघांत फार थोड्या वेळा आला. ती जेव्हा विनोदात दिसली तेव्हा तिच्या तोंडचे शब्द बहुतेकदा दुसऱ्याने घातलेले होते. हे आजचं नाही, आणि त्याचं एक टोक याच डोंगरांपर्यंत येतं.

जुलै १६६० मध्ये शिवाजी महाराज पन्हाळ्याचा वेढा फोडून गजापूरच्या खिंडीतून विशाळगडावर पोहोचले, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. तो वेढा सिद्दी जौहरने घातला होता तो विजापूरच्या दुसऱ्या अली आदिलशहासाठी. याच आदिलशहाच्या काळात विजापुरात हाश्मी नावाचा अंध कवी होता. त्याने दखनीत बाईच्या तोंडून बोलणारी कविता लिहिली. बायकांचे रुसवे, सवतीमत्सर, दागिन्यांचे हट्ट, नवऱ्याची वाट पाहणं, सगळं बायकांच्याच बोलीत. पुढे लखनौमध्ये रंगीन आणि इन्शा यांनी असल्या कवितेला 'रेख्ती' या नावाने दरबारी खेळ केला. जानसाहेब नावाचा कवी तर मुशायऱ्यात ओढणी घेऊन बाईच्या आवाजात ती वाचायचा, असं सांगतात. ऐकणारे पुरुष, लिहिणारा पुरुष, बोलणारी बाई. रेख्तीमुळे जनान्यातली बोली, म्हणी, शिव्या, औषधं, शकुन कागदावर टिकले, हे तिचं ऋण मी मानतो. पण त्या बायका स्वतः कशाला हसत होत्या, ते तिच्यातून कळत नाही.

ते थोडंफार कळतं ते जात्यावर. विजापूरच्या सूफींचा अभ्यास करणाऱ्या रिचर्ड ईटन यांनी १९७८ च्या पुस्तकात दाखवलं, की सूफींच्या शिकवणुकीवरचे 'चक्कीनामे' दख्खनच्या बायका दळताना गात. आपल्या ओवीची ही सख्खी बहीण. गाणं अल्लाचं आणि पिराचं, पण दळणारे हात बाईचे आणि ऐकणारीही बाईच. तिथे मध्ये एखादी चिमटा काढणारी ओळ कुणी घातली असेल, तर ती लिहून ठेवायला कुणीच नव्हतं.

विसाव्या शतकातही दखनीतला विनोद गाजला तो पुरुषांच्या नावावर. गुलबर्ग्याकडचे सुलेमान खतीब हे फार मोठे विनोदी कवी. पगाराच्या दिवसावरची त्यांची 'पहली तारीख' ही कविता मुशायऱ्यात लोक पुन्हा पुन्हा मागत. त्यांच्या कवितेतली बायको तिखट, हजरजबाबी आणि खरी वाटते. खतीबांच्या मनात तिच्याविषयी माया आहे, हे ओळीओळीतून जाणवतं. तरी टाळ्या त्यांनाच मिळत.

बाईने स्वतः लिहिलं की विनोदाची धार कुठे वळते, हे पाहायचं तर बंगालकडे जावं लागतं. रुकय्या सखावत हुसेन यांचा जन्म १८८० मध्ये रंगपूर भागात झाला. १९०५ साली मद्रासच्या 'इंडियन लेडीज मॅगझिन'मध्ये त्यांची 'सुलतानाज ड्रीम' ही इंग्रजी गोष्ट छापून आली. त्या गोष्टीतल्या देशात बायका राज्य करतात, सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक होतो, हवेतून गाड्या उडतात आणि पुरुष 'मर्दान्या'त कोंडलेले आहेत. पाहुणी सुलताना रस्त्यावरून चालताना लाजते तर तिथल्या बायका तिला हसतात, कारण असं भित्रं, लाजरं वागणं तिथे पुरुषी समजतात. वाद घालण्याऐवजी रुकय्यांनी सगळी घडीच उलटी करून दाखवली. आजचं चांगलं मीम हेच करतं.

१९३१ मध्ये त्यांचं 'अवरोधबासिनी' हे बंगाली पुस्तक आलं. त्यात पडद्याचे सत्तेचाळीस छोटे प्रसंग आहेत, काही जेमतेम परिच्छेदाएवढे. एका प्रसंगात हजला निघालेल्या बेगमा कलकत्त्याच्या स्टेशनवर बसल्या आहेत आणि पडदा पुरा व्हावा म्हणून त्यांच्यावर जाड सतरंजी टाकली आहे. रेल्वेचा गोरा अधिकारी येतो, सामान वाटेत आहे म्हणून हलवायला सांगतो आणि बुटाने ढोसतो. वाचताना आधी हसू येतं, मग ते घशात अडकतं. दुसऱ्या एका प्रसंगात किऊल स्टेशनवर बुरख्यातली बाई गाडी आणि फलाटाच्या मध्ये पडते, आणि परपुरुषाने हात लावायचा नाही म्हणून मोलकरीण हमालांना जवळ येऊ देत नाही. शेवटी गाडी सुटते. इथे हसू नाही, तरी प्रसंग त्याच थंड स्वरात सांगितला आहे. रुकय्या स्वतः मुस्लिम होत्या, पडदानशीन घरात वाढल्या होत्या आणि कलकत्त्यात मुलींची शाळा चालवत होत्या. म्हणून त्या या बायकांना हसत नाहीत. त्यांना सतरंजीखाली बसवणाऱ्या व्यवस्थेला हसतात.

हा फरक महाराष्ट्रात किती सुटला ते तलाकच्या विनोदांत दिसतं. तीन शब्दांत मोकळा होणारा नवरा हा आपल्याकडे कितीतरी वर्षं हमखास हशा मिळवणारा विषय होता. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंनी सात मुस्लिम बायकांचा मोर्चा मुंबईच्या सचिवालयावर नेला, तेव्हा त्या सातजणी त्याच तीन शब्दांविरुद्ध चालत होत्या. सर्वोच्च न्यायालयाने एका दमातला तलाक रद्द ठरवला तो २२ ऑगस्ट २०१७ रोजी, म्हणजे त्यांच्यानंतर एक्कावन्न वर्षांनी. एवढ्या काळात आपण त्या शब्दांवर किती हसलो आणि घराबाहेर काढलेल्या बाईला किती कमी विचारलं, याची मला मनापासून लाज वाटते.

चारचौघांत हसायची जागाही तिला भांडून घ्यावी लागली. १९८२ साली जळगावात जमातीच्या पुढाऱ्यांनी मुस्लिम बायकांना सिनेमागृहात जायला बंदी केली. रझिया पटेल या तरुण कार्यकर्तीने तिच्याविरुद्ध लढा उभारला. 'चाहूल' हे त्यांचं आत्मकथन मराठीत आहे आणि ते आजही वाचावं असं आहे. तिकीट काढून अंधारात शंभर लोकांबरोबर हसणं किंवा रडणं, एवढाच तो हक्क होता. २०१४ च्या जुलैत तुर्कस्तानचे उपपंतप्रधान बुलंत अरिंच यांनी बायकांनी चारचौघांत मोठ्याने हसू नये, असं ईदच्या भाषणात सांगितलं, तेव्हा हजारो तुर्की बायकांनी खदखदून हसतानाचे आपले फोटो समाजमाध्यमांवर टाकले. जळगाव आणि इस्तंबूल यांचं भांडण एकच होतं.

जळगावच्या शेजारी मालेगाव. यंत्रमागांच्या या गावात नासिर शेख यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' बनवला आणि विडंबनपटांची एक लाटच आली. फैझा अहमद खान यांनी २००८ मध्ये त्यावर 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा सुंदर माहितीपट केला. मागावर राबणारी मंडळी स्वतःच्या गरिबीला, कर्कश यंत्रांना, मुंबईच्या तोऱ्याला हसत होती. फक्त गावातल्या मुली पडद्यावर येत नव्हत्या. नायिका बाहेरून आणावी लागे. कॅमेऱ्यामागची बाई फैझा, तीही बाहेरची.

इतरत्र बायकांनी पेन हातात घेतलं आहे. इजिप्तच्या दीना मोहम्मद यांनी २०१३ मध्ये 'काहेरा' ही हिजाब घालणारी कॉमिक नायिका रेखाटली. ती छेड काढणाऱ्यांनाही चोपते आणि हिजाबी बायकांना वाचवायला निघालेल्या परदेशी बायांनाही. अमेरिकेत हुदा फहमी 'गरम होत नाही का?' या रोजच्या प्रश्नावर चित्रं काढतात. जानेवारी २०१६ मध्ये ब्रिटनच्या पंतप्रधानांनी मुस्लिम बायकांना परंपरेने दबलेल्या म्हटल्याची बातमी आली, तशा तिथल्या बायकांनी आपल्या पदव्या आणि नोकऱ्यांची यादी कागदावर लिहून हसत फोटो काढले. मुंबईच्या उरूज अश्फाक यांना २०२३ मध्ये एडिनबरोच्या कॉमेडी पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट नवोदिताचा मान मिळाला. डोंगरीत वाढलेल्या सुमैरा शेख यांनी आपल्याच मोहल्ल्याला स्टँड-अपमध्ये आणलं.

मग मलकापुरातली मुलगी आपलं मीम जगापुढे का ठेवत नाही?

कारण तिचा चेहरा इथे सुरक्षित नाही. जुलै २०२१ मध्ये 'सुल्ली डील्स' नावाच्या ॲपवर ऐंशीहून अधिक मुस्लिम बायकांचे फोटो त्यांना न विचारता उचलून 'आजची डील' म्हणून लिलावाला मांडले गेले. १ जानेवारी २०२२ ला 'बुल्ली बाई' नावाने तेच पुन्हा झालं, यावेळी शंभराहून अधिक बायका. पत्रकार, वकील, कार्यकर्त्या. त्यांचा गुन्हा एवढाच, की त्या बोलत होत्या. या दुसऱ्या प्रकरणात मुंबई पोलिसांच्या सायबर विभागाने अटका केल्या तेव्हा पकडलेले बहुतेक विशीच्या आसपासचे निघाले. ही विटंबना मीमच्याच भाषेत, गंमत म्हणून, मित्रांना हसवायला केलेली होती. रेख्तीतल्या कवीने निदान बाईचा आवाज उसना घेतला होता. इथे बाईच विकायला काढली.

आणि कोल्हापूरला तर एका स्टेटसची किंमत माहीत आहे. समाजमाध्यमांवरच्या काही स्टेटसवरून ७ जून २०२३ रोजी शहरात बंद, दगडफेक, लाठीमार झाला आणि जिल्ह्यात इंटरनेट बंद ठेवावं लागलं. १४ जुलै २०२४ ला विशाळगडावरच्या अतिक्रमणाच्या वादातून पायथ्याच्या गजापुरात मुसलमानांच्या घरांची आणि मशिदीची नासधूस झाली. गजापूर याच शाहूवाडी तालुक्यात आहे. त्यानंतर इथल्या कुठल्याही आईने मुलीला 'फोनवर काही टाकू नको' म्हटलं, तर तिला मागास कोण म्हणेल? शिवाय दुसरी भीती घरातली. मौलवींच्या लांबलेल्या तकरीरीवरचं मीम भावाच्या ग्रुपमध्ये पोहोचलं, तर फोन जातो, आणि कधीकधी त्याबरोबर कॉलेजही.

म्हणूनच त्या मीममध्ये मांजर असतं, चहाची किटली असते, सिनेमातली नायिका असते. स्वतःचा चेहरा नसतो, नावही नसतं. बाहेरच्याला हा पोरकटपणा वाटेल. मला ती विचारपूर्वक केलेली निवड वाटते. जिला पाहिलं जाण्याची एवढी किंमत मोजावी लागते, ती न दिसता ऐकू येण्याची वाट शोधते. तिने बुरखा घालावा की काढावा यावर आपण सगळे पोटतिडकीने बोलतो. ती मात्र टाचणी हरवल्याबद्दल बोलत असते, आणि तिचं बोलणं जास्त खरं असतं.

हेमा राईरकर आणि गी पॉइटेविन यांनी महाराष्ट्रातल्या बायकांच्या लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. आता 'पारी' या ग्रामीण भारतावरच्या संकेतस्थळावर त्या ऐकायलाही मिळतात. दखनी बोलणाऱ्या घरांतल्या बायकांच्या नकला, टोमणे, लग्नातली थट्टेची गाणी आणि आता ही मीमही तशीच, त्यांना विचारून, त्यांच्या अटींवर जमा व्हायला हवीत. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ आहे. शाहू महाराजांच्या पाठबळावर १९०६ मध्ये सुरू झालेली मोहमेडन एज्युकेशन सोसायटी आणि तिचं मुस्लिम बोर्डिंगही इथलंच. काम अवघड आहे, कारण कुठलं मीम घराबाहेर जाऊ द्यायचं आणि कुठलं नाही, हे ठरवणाऱ्या त्या मुलीच असल्या पाहिजेत, आणि काही मीम त्या आपल्याला कधीच दाखवणार नाहीत.