वर्षाला पाच-सहाच चित्रं काढणारे गायतोंडे उरलेला वेळ काय करायचे?

१९ डिसेंबर २०१३. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात क्रिस्टीज या लिलाव कंपनीचा भारतातला पहिलाच लिलाव सुरू होता. त्यात १९७९ सालचं एक चित्र बोलीला आलं. पिवळ्या-सोनेरी रंगाचं. त्यात माणूस नाही, झाड नाही, देव नाही. चित्राला नावसुद्धा नाही. बोली थांबली आणि कमिशन धरून किंमत झाली २३ कोटी ७० लाख रुपये.

चित्रकाराचं नाव वासुदेव गायतोंडे. मराठी माणूस. पण हा आकडा पाहायला ते हयात नव्हते. २००१ साली त्यांचं निधन झालं होतं.

अशी बातमी आली की एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘एवढं तर आमचं पोरगंही काढेल.’ हे वाक्य खरं आहे का, ते तपासायचं असेल तर किंमत बाजूला ठेवून गायतोंडे चित्र कसं करायचे ते पाहावं लागतं.

गिरगाव ते जेजे

गायतोंडे मूळचे गोव्याचे. जन्म १९२४ सालचा, नागपूरचा. वाढले मुंबईत, गिरगावात. १९४८ साली त्यांनी जेजे स्कूल ऑफ आर्टमधून डिप्लोमा घेतला. हुसेन, रझा, सूझा यांच्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपशीही ते जोडले गेले.

सुरुवातीच्या चित्रांत माणसं आहेत. भारतीय लघुचित्रांचा ठसा आहे. नंतर स्विस-जर्मन चित्रकार पॉल क्लेचा प्रभाव दिसतो. मग हळूहळू माणसं गेली, रेषा गेली आणि उरला फक्त रंग.

त्या काळात ते वॉर्डन रोडवरच्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये काम करायचे. नाटकवाले, गाणारे, चित्रकार असे सगळे तिथे एका छताखाली असत. समोर समुद्र. साठच्या दशकातल्या त्यांच्या काही चित्रांत पाणी आणि आकाश जिथे मिळतं तशी एक आडवी रेघ दिसते, असं जाणकार सांगतात. गायतोंडे मात्र आपण कशाचंही चित्र काढत नाही यावर ठाम होते. आपल्या चित्रांना कोणी ‘अमूर्त’ म्हटलेलंही त्यांना चालायचं नाही. अमूर्त म्हणजे एखाद्या वस्तूवरून सुरुवात करून ती ओळखू येणार नाही इतकी बदलणं. त्यांच्याकडे मुळात वस्तूच नव्हती.

मग प्रेरणा कुठून यायची?

वस्तू नाही, प्रसंग नाही, गोष्ट नाही, मग चित्र सुचतं कसं? गायतोंड्यांचं उत्तर होतं, शांततेतून.

हे ऐकायला गूढ वाटतं, पण त्यामागे वाचन होतं आणि रोजची सवयही होती. जपानमधली झेन विचारधारा, जे. कृष्णमूर्ती, रमण महर्षी यांचं त्यांना आकर्षण होतं. मुंबईत खेतवाडीत राहणाऱ्या निसर्गदत्त महाराजांच्या विचारांचाही त्यांच्यावर प्रभाव होता. महाराज विड्यांचं दुकान चालवायचे आणि घरी येणाऱ्यांशी मराठीत बोलायचे. ‘मी म्हणजे अमुक’ ही ओळख बाजूला केली की उरतं काय, हा त्यांच्या बोलण्याचा गाभा. गायतोंडे कॅनव्हासबद्दल जवळपास हाच प्रश्न विचारत होते. ओळखीचं सगळं काढून टाकलं की चित्रात उरतं काय?

१९६४ साली रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. मार्क रॉथकोसारखे अमेरिकन चित्रकार तेव्हा निव्वळ रंगाचे मोठे कॅनव्हास करत होते. पण गायतोंड्यांनी आपली वाट त्याआधीच धरली होती. न्यूयॉर्कमध्ये ती पक्की झाली, इतकंच.

ब्रश ठेवला, रोलर घेतला

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. साठच्या दशकात त्यांनी ब्रशऐवजी रोलर आणि पॅलेट नाइफ ही हत्यारं धरली. पॅलेट नाइफ म्हणजे रंग कालवायची पातळ, लवचीक सुरी.

रोलरने रंगाचा पातळ थर द्यायचा. त्यावर दुसरा. मग तिसरा. मधेच सुरीने खरवडायचं, म्हणजे खालचा थर डोकावतो. वर्तमानपत्राचे किंवा मासिकाचे कागद फाडून त्यांच्या मदतीने ओला रंग कॅनव्हासवर उमटवायचा, कुठे उचलून घ्यायचा. त्यातून ते चमत्कारिक आकार तयार व्हायचे. एखाद्या न वाचता येणाऱ्या लिपीसारखे.

यात मेख अशी, की रोलर शंभर टक्के हातात राहत नाही. रंग कुठे धरेल, कुठे सोडेल हे पूर्ण ठरवता येत नाही. म्हणजे अर्धं काम योगायोगाचं. पण कुठला योगायोग ठेवायचा, कुठला पुसायचा आणि मुख्य म्हणजे कुठे थांबायचं, हे ठरवणारी नजर चित्रकाराची. पोराला रोलर मारता येईल. पण थांबायचं कधी, ते कळायला गायतोंड्यांनी आयुष्य घातलं.

म्हणूनच त्यांची वर्षाला जेमतेम पाच-सहा चित्रं व्हायची. बाकीचा वेळ? वाचन, संगीत, सिनेमा आणि नुसतं बसणं. त्यांच्या लेखी हा रिकामा वेळ नव्हता. चित्र आधी आत तयार होतं आणि हात शेवटी चालतो, अशी त्यांची धारणा होती.

याची किंमत होती का?

होती. १९७१ साली पद्मश्री मिळाली आणि पुढच्याच वर्षी ते दिल्लीला गेले. निजामुद्दीन भागातल्या गच्चीवरच्या एका खोलीत राहू लागले. गाठीभेटी कमी, समारंभ त्याहून कमी. वर्षाला पाच-सहा चित्रं म्हणजे विकायलाही तेवढीच. जास्त काढून जास्त कमवायचा रस्ता समोर असताना त्यांनी तो घेतला नाही.

आणि १९८४ साली अपघात झाला. मानेला दुखापत झाली. उंच कॅनव्हाससमोर उभं राहून रोलर चालवणं अशक्य झालं. दुसरा कोणी मोडून पडला असता. गायतोंडे कागद आणि शाईकडे वळले. छोट्या कागदांवर काळ्या खुणा. पुढे प्रकृती सावरल्यावर ते पुन्हा कॅनव्हासकडे आले. मधल्या वर्षांत मोठं चित्र झालं नाही याची तक्रार त्यांच्या बोलण्यात फारशी नव्हती. काम थांबलंय असं त्यांना वाटतच नव्हतं.

मृत्यूनंतर तेरा वर्षांनी, २०१४ साली, न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरवलं. या मानाच्या ठिकाणी एका भारतीय चित्रकाराच्या आयुष्यभराच्या कामाचा असा आढावा घेतला गेला.

आज रोज काहीतरी पोस्ट केलं नाही तर लोक विसरतील, अशी धास्ती चित्र काढणाऱ्या, लिहिणाऱ्या, गाणाऱ्या प्रत्येकाला असते. गायतोंड्यांसारखं जगणं सगळ्यांना जमणार नाही, परवडणारही नाही. पण ‘सध्या काही सुचत नाही’ म्हणजे काम बंद, हे समीकरण त्यांनी खोटं ठरवलं. न सुचण्याचे दिवसही कामाचेच असतात. फक्त ते मोजता येत नाहीत.

ही चित्रं मोबाइलवर पाहून मात्र अंदाज येणार नाही. खरवडलेले थर, आतून येणारा उजेड स्क्रीनवर सपाट होऊन जातो. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जहांगीर निकल्सन यांच्या संग्रहाचं दालन आहे. या संग्रहात गायतोंडे आहेत. तिथली चित्रं बदलत असतात, त्यामुळे आधी चौकशी करून जा. गायतोंडे भिंतीवर असतील तर समोर दहा मिनिटं उभे राहा आणि मग ठरवा, आमचं पोरगं हे काढेल का ते.